लांब्याची खुंटी

लांब्याला पुरायला दोनदा खणावं लागलं. लढाई नुकती संपली होती, माणसं दमली होती, आणि खणणाऱ्यांनी मेलेल्या शत्रूंसाठी एकाच मापाचे खड्डे मारून ठेवले होते. सरकारी माप! त्यात जिवंत माणूस बसत नाही, तिथे मेलेला काय बसणार? हा गडी गुडघ्यापासून बाहेर. शेवटी भिंतीलगतच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी वेगळा, चांगला हातभर जास्त लांब खड्डा काढला. म्हणून त्या दफनभूमीत बाकी सगळ्या कबरी एका ओळीत, एका मापाच्या, आणि लांब्याची तेवढी पाय ताणून पडल्यासारखी पुढे आलेली.

ती जागा राखायची थोरली. घरातली थोरली म्हणून थोरली, आणि पुढे सगळी गल्लीच तिला तसं म्हणायला लागली. गवत कापायचं, दगड ब्रशने घासायचे, झाडांना पाणी घालायचं, पाला ओढायचा. शेजारणी विचारायच्या, "शत्रूच्या मढ्यांना आंघोळ घालतेस, काही वाटत नाही का गं?" थोरली म्हणायची, "जित्या शेजाऱ्यांपेक्षा बरी. नको ते प्रश्न तरी विचारत नाहीत."

काम मिळालं होतं ते तहामुळे. दोन्ही सरकारांनी लढून लढून दमल्यावर तह केला, आणि त्यात एक शहाणपणाचं कलम घातलं. ज्याच्या जमिनीत दुसऱ्याचा माणूस पडला, त्याने त्याची कबर राखायची. तुमचे आम्ही सांभाळू, आमचे तुम्ही सांभाळा. नदीपलीकडे अशीच एक दफनभूमी होती, तिच्यात इकडची पोरं होती. त्या पोरांत थोरलीचा धाकटा भाऊ होता, बोका.

घारे डोळे आणि पाय न वाजवता चालणं, म्हणून बोका. त्याची एक खोड होती. घरातून कुणी बाहेर निघालं की हा त्याची डाव्या पायाची चप्पल लपवायचा. आपल्याला सोडून कुणी कुठे जाऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. लहान होता तेव्हा मार खाल्ला, मोठा झाल्यावर शिव्या खाल्ल्या, पण चप्पल काही सुटली नाही. आणि शेवटी सगळ्यांना सोडून गेला तो हाच.

तहानंतरच्या पहिल्याच वर्षी पाहणी ठरली. एक वर्ष इकडची कबरस्थानं बघायची, एक वर्ष तिकडची. दोन्हीकडचे साहेब पुलावर भेटले, हात मिळवून चहाला बसले, आणि दोन्हीकडच्या राखणदारणी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पलीकडची राखणदारीण जाडजूड, गुडघ्यांनी अधू, आवाज असा की नदीतली बदकं उडावीत. बोली जरा वेगळी, पण रोज बोलणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईचं कळायला कितीसा वेळ लागतो? थोरली तिला पहिल्यापासून पलीकडचीच म्हणायची.

"तुझं कोण आहे आमच्याकडे?" पलीकडचीने सरळच विचारलं.

"धाकटा भाऊ. तुझं?"

"माझाही भाऊच आहे तुझ्याकडे. उंच होता गं फार."

"लांब्या!" थोरलीच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

पलीकडची आधी रडली, मग हसली. "आम्हीपण लांब्याच म्हणायचो," ती म्हणाली. मग जवळ सरकली. "एक करशील? त्याला एकटं राहायची सवय नाही. त्याच्याशी रोज बोल, माझ्या वतीने. पण गोड बोलू नकोस हं, घाबरेल बिचारा. मी कायम शिव्या देत बोलायची."

"त्यात मी कमी पडणार नाही," थोरली म्हणाली. "पण बोक्याशी तू लाडाने बोल. त्याला ओरडलं की जेवत नाही."

"बोलेन. आणि ऐक. उद्या या साहेबलोकांचं बिनसलं, तह मोडला, आभाळ कोसळलं, तरी आपलं मोडायचं नाही. तुझा माझ्याकडे, माझा तुझ्याकडे. शब्द?"

"शब्द," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ऊठ रे मेल्या, उन्हं डोक्यावर आली. तुझी बहीण तिकडे गुडघे धरून बसलीय आणि तू इथे तंगड्या पसरून पड!" आधी तिचं तिलाच हसू यायचं. मग सवय झाली. मग एक दिवस नळाचं सुरू झालं.

दफनभूमीच्या मधोमध एक नळ होता, त्याचं वायसर झिजलेलं. कितीही बंद करा, थेंब थेंब गळायचा. साहेबांना सांगून झालं होतं, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. एका सकाळी थोरली आली तर नळ बंद. नुसता बंद नाही, असा आवळलेला की दोन्ही हात लावले तेव्हा कुठे सुटला. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच. रात्री फाटकाला कुलूप आणि किल्ली हिच्या कमरेला. पुढच्या पाहणीला तिने हे सहज पलीकडचीला सांगितलं आणि पलीकडचीच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं.

"तोच तो," ती हळू म्हणाली. हळू बोलताना थोरलीने तिला पहिल्यांदाच ऐकलं. "घरातला एक नळ सुटा राहू द्यायचा नाही. असा पिळायचा की आईला भांडी घासायच्या वेळी नळ उघडायला शेजारच्याला बोलवावं लागायचं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. लांब्याची मेल्यावरही गेली नव्हती. थोरलीच्या अंगावर काटा आला, पण भीती नाही वाटली. उलट त्या दिवसापासून ती फाटक उघडताना खाकरायला लागली, घरात पुरुषमाणूस असल्यासारखी.

"आणि बोका?" तिने विचारलं. "तुझी चप्पल लपवतो की नाही?"

"नाही गं," पलीकडची म्हणाली. "शांत पडलेला असतो. गुणी आहे."

हा गुणी शब्द थोरलीच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. बोका आणि गुणी? परक्याचा भाऊ आपल्याकडे रोज नळ पिळतो आणि आपला भाऊ तिकडे गप्प? ही त्याच्याशी बोलते तरी का? की पगार घेते आणि गवत कापून घरी जाते? पाहणीला तिकडे जायची तेव्हा थोरली बोक्याच्या कबरीशी बसून हाका मारायची, मुद्दाम चपला काढून ठेवायची. चपला जिथल्या तिथे. कबर मात्र आरशासारखी स्वच्छ. तक्रार करायला जागा नव्हती, म्हणून संशय आतल्या आत वाढला. घरी आल्यावर आई विचारायची, "काय म्हणतो गं बोका?" आणि थोरली म्हणायची, "मजेत आहे." एवढं खोटं आईसाठी चालतं.

शेवटच्या भेटीत थोरलीने सांगितलं, की आई आता थकलीय, अंथरुणाला लागलीय, दिवसभर बोक्याचं नाव काढते. पलीकडचीने तिचा हात दाबला. नंतर वर्ष फिरलं आणि दोन्ही सरकारांचं फाटलं.

कशावरून फाटलं ते नीट कुणालाच माहीत नव्हतं, पण जो तो छातीठोक सांगत होता. पूल बंद झाला. त्यावर काटेरी तार आली. मग वर्तमानपत्रात आलं, की पलीकडच्यांनी आपल्या पोरांच्या कबरी उकरल्या. त्यावर गल्लीतले लोक थोरलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि तुझ्या त्या पाहुण्यांचं आता काय करणार, म्हणून विचारायला लागले. पाहुणे म्हणे! थोरलीने दार लावून घेतलं. तिचा विश्वास बसत नव्हता, आणि बसत नव्हता असंही नव्हतं.

एके दिवशी साहेब दफनभूमीत आले. भला माणूस होता, पण खुर्चीला चिकटलेला. "हुकूम आलाय," ते म्हणाले. "सपाट करायचंय. परवा सकाळी बुलडोझर येईल."

"साहेब, तहात लिहिलंय—"

"तह राहिला कुठे, बाई?" साहेबांनी कपाळ पुसलं. मग भिंतीकडच्या कोपऱ्याकडे बघितलं. थोरली रोज तिथे कुणाला शिव्या देते हे त्यांना ठाऊक होतं. "खुंट्या तूच मार. जमीन तुला पाठ आहे. दोरीच्या आतलं सगळं जाईल. दोरीच्या बाहेर काय आहे ते मी बघितलेलं नाही."

थोरलीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने खुंट्या मारल्या, दोरी बांधली. इतरांना वाचवणं तिच्या हातात नव्हतं, प्रत्येक दगडाशी थांबून तिने तसं सांगितलं. पण भिंतीजवळ आल्यावर तिने शेवटची खुंटी अलीकडे घेतली आणि लांब्याला दोरीच्या बाहेर ठेवलं. "हलू नकोस रे मेल्या," ती म्हणाली. "उद्या आवाज होईल मोठा. तंगड्या आत घे." नळ तिने मुद्दाम जरा सुटा ठेवला, त्याला काहीतरी काम असलेलं बरं.

ती घरी आली तर आई हसत होती. किती दिवसांनी! "माझी चप्पल बघ," आई म्हणाली. पलंगाखाली उजव्या पायाची तेवढी होती. जी बाई अंथरुणातून उठत नाही, तिची चप्पल जाणार कुठे?

"मांजराने नेली असेल," थोरली म्हणाली.

"बोक्यानेच नेली," आई म्हणाली. "आलाय तो. सुट्टी मिळाली असेल. शोधू नकोस गं, राहू दे."

थोरलीने मनावर घेतलं नाही. म्हातारं माणूस, काहीबाही बोलायचंच. पण सकाळी ती कामावर निघाली आणि दारात तिची स्वतःची डावी चप्पल नव्हती.

तिने दाराआड बघितलं, चुलीमागे बघितलं, पिंपामागे बघितलं. तो लपवायचा त्या सगळ्या जागा तिला अजून पाठ होत्या. आणि पिंपामागे हात घातला तेव्हा तिथे आईची आणि तिची, दोन्ही डाव्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या हाताला लागल्या.

बोका घरी आला होता. आधी एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला इतका आनंद झाला की तिने मोठ्याने हाक मारली. आणि मग डोक्यात वीज चमकली. इतकी वर्षं तिकडे गप्प पडलेला आज घरी कसा? ज्याला अंथरूण आहे तो रस्त्यावर कशाला येईल? उकरलं त्याला. वर्तमानपत्रात आलं ते खरं होतं. आणि ती, ती बदकं उडवणारी, माझ्या हातात हात घालून शब्द देणारी, ती उभी राहून बघत होती.

"आई, त्याला हाकललं गं तिकडून," ती ओरडली.

"सुट्टीवर आलाय," आई आतून म्हणाली. "उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

पण थोरलीने राख घालून घेतलीच होती. ती चपला घालायचंही विसरली. तशीच अनवाणी रस्ता तुडवत फाटकाशी आली. बुलडोझरवाला विडी ओढत उभा होता. ती त्याच्याकडे न बघता थेट भिंतीकडे गेली, शेवटची खुंटी दोन्ही हातांनी उपटली आणि लांब्याच्या पायाच्या पलीकडे नेऊन ठोकली. दोरी ताणली. आता लांब्या आत होता.

"तुझ्या बहिणीला विचार," ती त्याला म्हणाली. शिवी दिली नाही. तेवढ्या एका दिवशी ती त्याच्याशी नीट बोलली.

सगळं व्हायला दुपार झाली. माती सपाट झाल्यावर ती हात धुवायला नळाशी गेली. कालचा सुटा ठेवलेला नळ आवळून बंद होता. दोन्ही हात लावले तेव्हा कुठे सुटला. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

त्यानंतर नळ पुन्हा गळायला लागला.

आई पुढच्या थंडीत गेली. हसत गेली, उशाशी एकच चप्पल घेऊन. बोका तोवर घरात होता. ती गेली तसा तोही गेला. चपला दारात जोडीने राहायला लागल्या, आणि थोरलीला रोज सकाळी त्या दोन चपला बघून धस्स व्हायचं.

सरकारांचं काय, आज भांडतील, उद्या गळ्यात गळे घालतील. तसेच घातले. तह पुन्हा झाला, जुनाच, नव्या सह्यांचा. वरून हुकूम आला, आणि ज्या जागी बुलडोझर फिरला त्या जागी दगड परत उभे राहिले. पुन्हा एका ओळीत, एका मापाचे वाफे, वर हिरवं गवत. खाली कोण कुठे आहे याचा पत्ता नाही, पण वरून बघणाऱ्याला सगळं जिथल्या तिथे. साहेब थोरलीला एवढंच म्हणाले, "पाहणी इकडे आहे. तोंड उघडू नकोस."

पाहणीच्या दिवशी तारा काढलेल्या पुलावरून पलीकडची लंगडत आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक काळी, एक लाल. लांबूनच तिचा आवाज आला आणि बदकं उडाली.

"बघ तुझ्या भावाचे प्रताप!" तिने डावा पाय पुढे केला. "आज निघताना माझी चप्पल लपवली गधड्याने. आजवर एकदाही नाही हं! पहिल्या दिवशीच मी त्याला सांगितलं होतं, बाळा, माझे गुडघे दुखतात, चप्पल शोधायला मला वाकता येत नाही. तेव्हापासून हात लावला नव्हता. आज काय भूत शिरलं त्याच्यात कोण जाणे."

"तो... तिकडे आहे?" थोरलीने विचारलं.

"नाहीतर कुठे असणार? अगं, आमच्याकडेपण यंत्र आलं होतं. मी फाटकाला आतून कुलूप लावलं, किल्ली विहिरीत टाकली आणि बोक्याच्या उशाशी बसून राहिले. आमचे साहेब आळशी. थोडा वेळ ओरडले आणि गेले जेवायला, ते परत आलेच नाहीत." ती हसली. "पण म्हटलं, उद्याचा काय भरवसा? त्यात तुझ्या आईचं असं. म्हणून त्याला सांगितलं, बाळा, थोडे दिवस घरी जाऊन ये, आईला भेट, तुझी जागा मी राखते. आला होता ना गं? भेटला आईला?"

"भेटला," थोरली म्हणाली.

"बरं झालं बाई. माझ्या जिवाला तेवढाच घोर होता. लांब्याला पण पाठव कधीतरी. किती वाट बघितली मी, म्हटलं आता नळ पिळेल, मग पिळेल. पण तो तुला सोडून हलायचा नाही. इमानी आहे."

आणि पलीकडची त्याला भेटायला पुढे झाली. साहेबलोक चहाला बसले होते. थोरलीला तिला अडवायचं होतं. तिची चप्पल ओढून घ्यावी, पिंपामागे लपवावी असं तिला वाटलं. त्या क्षणी तिला कळलं, की बोका त्या सकाळी तिला दारातच का अडवत होता, आणि आज त्याने हिला का अडवलं. दोन्ही वेळा बायकांनी ऐकलं नव्हतं.

पलीकडची भिंतीजवळच्या वाफ्याशी थांबली. तिने दगड बघितला, मग गवत बघितलं, मग शेजारचा वाफा बघितला. दोन्ही एका मापाचे. तिने तोंड उघडलं होतं शिवी द्यायला, ते तसंच राहिलं. मग ती लंगडत नळाकडे गेली आणि एका बोटाने तो उघडला. पाणी आलं. तिने तो पिळून बंद केला, तरी थेंब गळत राहिला.

"कुठेय तो?" ती हळू म्हणाली.

थोरलीने सगळं सांगितलं. खुंटी आधी कुठे होती, मग कुठे नेली, का नेली. साहेबांनी गप्प बसायला सांगितलं होतं, पण या बाईशी खोटं बोलायला आता जीभच वळेना. "मला वाटलं, तू शब्द मोडलास," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली.

पलीकडचीने तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही. मग म्हणाली, "बोक्याशी मी बोलेन, रोज, लाडाने. मी शब्द दिलाय आणि तो मी पाळणार. पण तुझाही शब्द आहे. माझ्या भावाशी रोज बोलायचं ठरलं होतं. तो तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही आलेला नाही. हाका मार त्याला. सापडेपर्यंत मार."

एवढं बोलून ती पुलाकडे गेली, एक काळी आणि एक लाल चप्पल फरफटत. पुढच्या पाहणीपासून तिकडून दुसरीच कुणी राखणदारीण यायला लागली.

थोरली अजून रोज फाटक उघडताना खाकरते. भिंतीकडे तोंड करून, कबरींकडे तोंड करून, रस्त्याकडे तोंड करून शिव्या देत हाका मारते, "ऊठ रे मेल्या, कुठे उलथलास?" साहेबांनी नळाला नवं वायसर बसवून दिलंय, आता तो मुळीच गळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी घरी जाताना ती तो मुद्दाम थोडा सुटा ठेवते. सकाळी येते तेव्हा पाणी वाहत असतं.